हेडफोन ॲम्पमधली काचेची नळी ज्याने बनवली, त्यालाच ती कशी चालते हे माहीत नव्हतं

समजा, तुम्ही लातूरला औसा रोडला रूम करून राहताय. चार महिने पैसे साठवून चांगला हेडफोन घेतला. मग कुणीतरी सांगितलं की मोबाईलवर हा हेडफोन नीट वाजतच नाही, त्याला टेबलावर ठेवायचा वेगळा ॲम्प लागतो. मग तोही मागवला. वरती काचेच्या दोन नळ्या, चालू केल्या की आतून तांबूस उजेड. फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि हेडफोन कानाला लावला.

घूंऽऽऽ.

आवाज शून्यावर केला तरी घूंऽऽऽ. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर लागला, तर घूंऽऽऽचं खर्रर्र झालं. नांदेडच्या मित्राला फोन केला, तर त्याच्याकडे तोच ॲम्प, तोच हेडफोन आणि आवाज एकदम स्वच्छ. आता काय करायचं?

या घूंऽऽऽवर उपाय आहे आणि तो पुढे सांगतोच. पण त्याआधी त्या काचेच्या नळीच्या बापाची गोष्ट ऐका. कारण असाच एक गडी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टेबलासमोर कानाला हेडफोन लावून बसला होता, त्यालाही नको ते आवाज ऐकू येत होते, आणि ते का येतात हे त्याला कळत नव्हतं. फरक एवढाच की ती वस्तू त्याने स्वतःच बनवली होती.

त्याचं नाव ली डी फॉरेस्ट.

जन्म 26 ऑगस्ट 1873 चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्स या गावचा. वडील पाद्री. ली सहा वर्षांचा असताना वडिलांना अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगा कॉलेजचं प्रमुखपद मिळालं. हे कॉलेज गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेलं. तिथल्या गोऱ्या लोकांना ते खुपायचं. त्यांनी या कुटुंबाला जवळपास वाळीत टाकलं. गोऱ्यांची पोरं लीशी खेळायची नाहीत. मग पोरगं यंत्रांच्या नादाला लागलं. वडिलांना वाटायचं मुलानेही पाद्री व्हावं. मुलाने ठरवलं होतं की आपण एडिसन व्हायचं.

पुढे येल विद्यापीठात शिकला. पैशांची कायम ओढाताण. 1899 मध्ये पीएचडी मिळवली, विषय होता विद्युत लहरींचा. म्हणजे माणूस अडाणी वगैरे अजिबात नव्हता, हे लक्षात ठेवा.

नोकरीसाठी शिकागोला गेला. दिवसा टेलिफोन कंपनीत काम आणि रात्री खोलीत प्रयोग. 1900 साली एका रात्री त्याला दिसलं की आपण ठिणगी पाडली की खोलीतल्या गॅसच्या दिव्याची ज्योत हलते. त्याला वाटलं सापडलं! तापलेला वायू बिनतारी लहरी ओळखतो. नंतर तपासलं तर भलतंच निघालं. ज्योत लहरींमुळे नाही, ठिणगीच्या आवाजाने हलत होती. दुसऱ्या कुणी तिथेच नाद सोडला असता. याने नाही सोडला. तापलेल्या वायूतच काहीतरी जादू आहे हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. या चुकीच्या समजुतीनेच त्याला पुढे बरोबर वस्तूपर्यंत नेलं, आणि तिनेच त्याला पुढे गोत्यातही आणलं.

त्या काळी बिनतारी संदेश म्हणजे सोन्याची खाण वाटायची. मार्कोनीचं नाव गाजत होतं. 1902 च्या सुमारास डी फॉरेस्टला अब्राहम व्हाइट नावाचा एक बोलघेवडा माणूस भेटला आणि दोघांची कंपनी उभी राहिली. व्हाइटचं काम शेअर विकायचं. त्याने ते इतक्या जोरात केलं की कंपनीला संदेश पाठवण्यापेक्षा शेअर विकण्यातच जास्त रस आहे असं झालं. अशा स्कीम आपल्याकडेही काही कमी झाल्या नाहीत, त्यामुळे पुढचं वेगळं सांगायला नको. त्यात रेजिनाल्ड फेसेंडेन या शास्त्रज्ञाने आपलं उपकरण चोरल्याचा दावा लावला आणि तो जिंकला. 1906 च्या नोव्हेंबरमध्ये डी फॉरेस्ट कंपनीतून बाहेर पडला. हातात आले 1,000 डॉलर, त्यातले अर्धे वकिलाचे. आणि सोबत काही पेटंटचे हक्क, ज्यांची कंपनीला काडीची किंमत वाटली नव्हती.

त्या पेटंटांमध्ये काय होतं? तर एक काचेचा दिवा.

इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंगने 1904 साली दोन भागांची नळी बनवली होती. आत एक तापणारी तार आणि समोर एक धातूची पट्टी. विजेचा प्रवाह त्यातून एकाच दिशेने जायचा. डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तिसरी गोष्ट घातली, नागमोडी वळवलेली एक बारीक तार. तिला ग्रिड म्हणायला लागले. 29 जानेवारी 1907 ला पेटंटचा अर्ज केला, 18 फेब्रुवारी 1908 ला पेटंट मिळालं. या नळीचं नाव ऑडियन.

ही नागमोडी तार काय करते? विष्णुपुरीच्या धरणाचं दार डोळ्यासमोर आणा. दार हलवायला लागते थोडीशी ताकद, पण त्या हलण्याने गोदावरीचं केवढं पाणी कमी-जास्त होतं. नळीतली तापलेली तार म्हणजे भरलेलं धरण, समोरची पट्टी म्हणजे खालचं पात्र, आणि ग्रिड म्हणजे दार. मोबाईलमधून आलेला नाजूक सिग्नल दार हलवतो आणि पलीकडे तोच सिग्नल मोठा होऊन निघतो. ॲम्प्लिफायर म्हणजे एवढंच. तुमच्या टेबलावरच्या खोक्यात नळी असो नाहीतर ट्रान्झिस्टर, दाराची कल्पना तीच.

पण गंमत अशी की डी फॉरेस्टला हे असं चालतं हे माहीत नव्हतं. त्याच्या मते सगळी करामत आत राहिलेल्या वायूची होती. म्हणून तो मुद्दाम नळीतली सगळी हवा काढायचा नाही. थोडी ठेवायचा. परिणाम असा की एक ऑडियन दुसऱ्यासारखी निघायची नाही. कुणाची चांगली वाजायची, कुणाची मुळीच नाही. तारही लवकर जळायची, म्हणून एकाच नळीत दोन तारा बसवलेल्या असायच्या, एक जळाली की दुसरी जोडायची. आज नळ्यांचे शौकीन एका नळीच्या जागी दुसरी लावून आवाज बदलतो का ते बघत बसतात. त्या काळी हा शौक नव्हता, नाइलाज होता.

आणि पहिली पाच-सहा वर्षं ही नळी ॲम्प्लिफायर म्हणून कुणी नीट वापरलीच नाही. तिचा उपयोग फक्त लहरी ओळखण्यापुरता. ऐकायचं ते हेडफोनवर, तेही जेवढ्या सिग्नलमध्ये जेवढी ताकद असेल तेवढ्यावरच. तेव्हा रेडिओ ऐकणं म्हणजे कानाला जड वाट्या लावून, श्वास रोखून बसणं होतं.

मधल्या काळात डी फॉरेस्टचे उद्योग चालूच होते. 13 जानेवारी 1910 ला त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामधून त्या काळचा सुपरस्टार गायक कारुसोचं गाणं हवेतून प्रसारित केलं. आवाज खराब होता, ऐकणारे मूठभर होते, पण केलं. संसार मात्र टिकत नव्हता. पहिलं लग्न काही महिन्यांत मोडलं. दुसरी बायको नोरा ब्लॅच ही स्वतः स्थापत्य अभियंता, त्या काळात अमेरिकेत अशी पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. तिने त्याच्या प्रयोगशाळेत कामही केलं. पण याला घर सांभाळणारी बायको हवी होती. तेही मोडलं. त्याची नवी कंपनी बुडाली आणि तो कॅलिफोर्नियात पालो अल्टोला फेडरल टेलिग्राफ कंपनीत नोकरीला लागला. तिथे 1912 च्या मार्चमध्ये पोलीस आले. जुन्या कंपनीचे शेअर खोटं सांगून विकल्याचा आरोप. नव्या मालकाने 10,000 डॉलरचा जामीन भरला, म्हणून हा बाहेर राहिला.

आणि डोक्यावर खटला टांगलेला असताना, त्याच उन्हाळ्यात, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं.

हर्बर्ट व्हॅन एटन आणि चार्ल्स लॉगवुड या दोन साथीदारांना घेऊन त्याने एका ऑडियनचा आवाज दुसरीत, दुसरीचा तिसरीत सोडला. प्रत्येक पायरीला आवाज वाढत गेला. असं सांगतात की कागदावरून चालणाऱ्या माशीच्या पावलांचा आवाज त्यांना पलटण चालल्यासारखा ऐकू आला. ज्या घरात हे घडलं तिथे आज पाटी आहे. टेबल, हेडफोन आणि ॲम्प, हा तुमचा आजचा सगळा सेटअप तिथला.

त्याच दिवसांत, 6 ऑगस्ट 1912 ला, अजून एक गोष्ट घडली. जोडणी करताना ॲम्पमधून बाहेर पडणारा आवाज फिरून त्याच ॲम्पच्या आत गेला आणि नळी स्वतःच ओरडायला लागली. व्हॅन एटनने वहीत नोंद केली. पण यांना हवा होता टेलिफोनचा आवाज वाढवणारा यंत्राचा तुकडा, आणि त्यात हे ओरडणं म्हणजे बिघाड. ते बाजूला सारून गडी पुढच्या कामाला लागले. ही वहीतली नोंद पुढे वीस वर्षं कोर्टात फिरणार होती.

ऑक्टोबर 1912 मध्ये डी फॉरेस्ट आपला ॲम्प घेऊन न्यूयॉर्कला टेलिफोन कंपनीकडे गेला. या कंपनीची, म्हणजे एटी अँड टीची, अडचण साधी होती. लांबच्या तारेवर माणसाचा आवाज क्षीण होत जातो, त्यामुळे न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला बोलणं होत नव्हतं. ॲम्प लावला. हळू आवाज छान मोठा झाला. पण जरा जोर दिला की नळीच्या आत निळा धूसर उजेड भरायचा आणि आवाज गुदमरायचा.

तिथे हॅरल्ड अरनॉल्ड नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. त्याने निळा उजेड पाहिला आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. हा वायू पेटतोय. हा काढून टाका, नळी पूर्ण निर्वात करा, यंत्र चालेल. म्हणजे डी फॉरेस्ट ज्या वायूला जीव समजत होता, तोच रोग होता.

इथे तुमच्या कामाची गोष्ट. तुमच्या ॲम्पच्या नळीत आतल्या भागांच्या मधोमध जांभळट-निळा धूर भरल्यासारखा दिसत असेल आणि आवाज फाटत असेल, तर आत हवा शिरली आहे, नळी बदला. नळीच्या टोकाची चंदेरी झाक पांढरी पडली असेल तर तोच निकाल. फक्त काचेच्या आतल्या बाजूवर हलकी निळी छटा असेल तर घाबरू नका, ती चांगल्या नळीतही दिसते. आणि स्वस्तातल्या काही ॲम्पमध्ये नळीखाली नारिंगी एलईडी बसवलेली असते, तो उजेड नळीचा नसतोच. स्टेटसला टाकण्याआधी एकदा वाकून बघा.

कंपनीने हक्क घ्यायचं ठरवलं. 1913 च्या उन्हाळ्यात एक वकील डी फॉरेस्टकडे आला, कुणासाठी घेतोय ते सांगितलं नाही आणि 50,000 डॉलरला टेलिफोनपुरते हक्क घेऊन गेला. डी फॉरेस्ट कंगाल होता, त्याने दिले. नंतर कळलं गिऱ्हाईक कोण ते. 25 जानेवारी 1915 ला न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को फोन सुरू झाला. एका टोकाला ग्रॅहम बेल, दुसऱ्या टोकाला त्याचा जुना सहकारी वॉटसन, आणि मध्ये हजारो मैलांच्या तारेवर आवाजाला धक्का देणाऱ्या त्याच नळ्या.

1913 च्या शेवटी खटला उभा राहिला. सरकारी वकिलाच्या मते तर ऑडियन ही एक बिनकामाची काच होती आणि ती दाखवून लोकांना फसवलं होतं. डी फॉरेस्ट सुटला, त्याच्या दोन साथीदारांना शिक्षा झाली. ज्या नळीला कोर्टात बिनकामाची ठरवण्याचा प्रयत्न झाला, तिचे हक्क त्याच वर्षी देशातल्या सगळ्यात मोठ्या टेलिफोन कंपनीने विकत घेतले होते!

आता येतो गोष्टीतला दुसरा माणूस, एडविन आर्मस्ट्राँग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी, डी फॉरेस्टपेक्षा सतरा वर्षांनी लहान. त्याने ऑडियन घेतली आणि अंदाज बांधत बसण्याऐवजी मोजायला सुरुवात केली. ग्रिडवर इतका दाब तर पट्टीवर किती प्रवाह, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. त्यातून नळी खरोखर कशी चालते हे त्याने 1914 साली लेख लिहून मांडलं. त्याच्याही आधी, 1912 मध्येच, बाहेरचा आवाज थोडासा परत आत सोडला तर नळीची ताकद कितीतरी पट वाढते आणि जास्त सोडला तर ती स्वतःच लहरी निर्माण करते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणजे डी फॉरेस्टने बिघाड म्हणून सोडून दिलेलं तेच ओरडणं.

तुमच्या घूंऽऽऽचा इलाजही आर्मस्ट्राँगच्याच पद्धतीने होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी कॉम्प्युटरची केबल काढा आणि मोबाईल, तोही चार्जरला न लावता, जोडून बघा. आवाज गेला तर ॲम्प ठणठणीत आहे. दोष वाटेचा आहे. कॉम्प्युटर एका बोर्डवर आणि ॲम्प दुसऱ्या बोर्डवर असला की दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक ऑडिओ केबलमधून वाहत हेडफोनमध्ये घूंऽऽऽ करतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या. बऱ्याच वेळा एवढ्यावरच भागतं.

काहीच न जोडता नुसता ॲम्प घूंऽऽऽ करत असेल तर चार्जर, वायफायचा डबा, ट्रान्सफॉर्मर त्याच्यापासून लांब सरकवा. तरी तसंच असेल तर दुसऱ्याच्या घरी नेऊन लावा. तिथे स्वच्छ वाजला तर तुमच्या घरचं अर्थिंग तपासायची वेळ आली. नांदेडच्या मित्राचा आवाज का स्वच्छ, याचं उत्तर बहुतेक इथेच असतं. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर चालतो. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं कुणाला आठवणार? जमीन कोरडी, खाली काळा खडक, मग अर्थिंग फक्त बोर्डाच्या तिसऱ्या भोकापुरतं उरतं. वायरमनकडून तपासून घ्या, खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा. ते फक्त गाण्यांसाठी नाही, जिवासाठी आहे.

आणि एक काम चुकूनही करू नका. आवाज जातो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. आवाज जाईलही, पण उद्या आत तार सुटली तर करंट खोक्याच्या पत्र्यावर येईल. नळीवाला ॲम्प घरी उघडूही नका, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब बराच वेळ राहू शकतो.

इन्व्हर्टरवरचं खर्रर्र वेगळं. जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर वीज गोल लाटेसारखी देत नाहीत, पायऱ्यांसारखी देतात, तिची किरकिर ॲम्पमध्ये उतरते. साईन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर होत नाही. नसेल तर लाईट येईपर्यंत मोबाईलवर ऐका, ॲम्पला दोष देऊ नका. बारीक इअरफोन लावल्यावर मागे सुंईऽऽ असं येत असेल तर ॲम्पचं गेनचं बटण खालच्या बाजूला करा. ते इअरफोन इतके नाजूक असतात की त्यांना एवढी ताकद लागतच नाही.

परत आपल्या माणसाकडे. ओरडणाऱ्या नळीचं महत्त्व आर्मस्ट्राँगने जगाला दाखवल्यावर डी फॉरेस्टने 1912 ची वही काढली. आधी आम्हीच ऐकलं होतं, म्हणून शोध आमचा, असा दावा. भांडण जवळपास वीस वर्षं चाललं आणि 1934 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला डी फॉरेस्टच्या बाजूने. बहुतेक अभियंत्यांना हा निकाल चुकीचा वाटला. त्यांच्या संस्थेने या शोधासाठी आर्मस्ट्राँगला पूर्वी पदक दिलं होतं. तो ते परत करायला गेला, तर संस्थेने घेतलं नाही. मलाही वाटतं की वहीत नोंद असणं आणि कळणं यात फरक आहे. पण कायद्याने तारीख बघितली. आर्मस्ट्राँग पुढे एफएम रेडिओच्या पेटंटवरून अजून एका लढाईत अडकला आणि 31 जानेवारी 1954 ला त्याने तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेतली.

डी फॉरेस्टने कोर्टात जिंकलं, धंद्यात मात्र हरतच राहिला. 1914 आणि 1917 मध्ये उरलेले हक्क विकून चांगले पैसे आले होते. ते त्याने बोलपटांत घातले. फिल्मच्या कडेलाच आवाज छापायची त्याची फोनोफिल्म पद्धत 15 एप्रिल 1923 ला न्यूयॉर्कच्या थिएटरात दाखवली गेली. मोठ्या स्टुडिओंनी ढुंकून पाहिलं नाही आणि काही वर्षांनी दुसऱ्यांच्या पद्धती घेऊन बोलपट काढले. पुन्हा दिवाळं.

त्याची नळी मात्र जगभर पोचली. आपल्याकडे मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ कंपनीने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना लाऊडस्पीकर लावले, त्यांच्या ॲम्पमध्येही अशाच नळ्या होत्या. आपल्या आजोबांच्या रेडिओत त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणायचे, आणि बटण दाबल्यावर रेडिओ तापेपर्यंत वाट बघायला लागायची ती त्यांच्यामुळेच.

शेवटची तीस वर्षं तो चौथ्या बायकोसोबत, मूकपटांतली नटी मरी मॉस्क्विनी हिच्यासोबत, हॉलिवूडला राहिला. हा संसार टिकला. 1950 साली आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात स्वतःला रेडिओचा जनक म्हणवून घेतलं, त्यावरूनही वाद झाले. 1960 च्या सोहळ्यात बोलपटांच्या कामासाठी मानद ऑस्कर मिळालं. तोवर त्याच्या नळीची जागा ट्रान्झिस्टर घ्यायला लागला होता.

30 जून 1961 ला तो गेला. नावावर 180 पेक्षा जास्त पेटंट होती आणि बँकेत 1,250 डॉलर.